काच असल्याचा संशय

माझी नोकरी टिकली ती राजाजीनगरातल्या आमच्या घरमालकीण अक्कांच्या थोरल्या भावामुळे, एवढं आधी लिहून ठेवतो. मग काय झालं ते. अक्कांचा मुलगा त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही मामाच म्हणतो. मोठमोठ्या खिडक्या बसवणारे जगात पुष्कळ असतील, पण नखाएवढ्या खिडकीला कसली काच लावावी यावर या माणसाइतका विचार कोणीच केला नसेल. सरकारी कारखान्यातून इंजिनीयर म्हणून निवृत्त झाल्यावर मामांनी गच्चीवरच्या खोलीत टेबलभर रेल्वे मांडली. स्टेशन, सिग्नल, क्वार्टर्स, सगळं वीतभर उंचीच्या आत. रूळ कधीच टाकून झाले. काचांचं काम अजून चालू आहे.

"काच दिसली की ती खोटी," ते म्हणतात, "आणि दिसलीच नाही तर नुसतं भोक. बघणाऱ्याला काच असल्याचा संशय यायला हवा. स्वल्प संशय, बस." त्या स्वल्प संशयासाठी घरात नव्या शर्टाच्या खोक्यावरचं प्लास्टिक, मिठाईच्या डब्यांची झाकणं, औषधांची वेष्टनं, सगळं साठवलेलं. जिलेटीन कागदावर त्यांचा राग आहे, कारण तो दमट हवेत सुरकुततो. अक्कांच्या गुडघ्याचा एक्स-रे त्यांनी धुऊन पारदर्शक केला, तो निळसर निघाला, म्हणून गाडीऐवजी स्टेशनच्या वेटिंग रूमला लावला, पुढे डॉक्टरांनी जुना एक्स-रे मागितला तेव्हा अक्का म्हणाल्या, "तो आता रेल्वेत आहे." नवा तुकडा आला की मामा तो ट्यूबलाइटखाली तिरका धरतात. त्यात ट्यूब सरळ दिसली तर पास, वाकली तर नापास. एक तुकडा मी छान आहे म्हणालो. "छान? या खिडकीशी बसलेल्या माणसाला तुमकुरूपर्यंत उलट्या होतील." तो माणूस तांदळाच्या दाण्याएवढा होता.

त्यांच्याबरोबर चिकपेटच्या बाजारात जायचं म्हणजे माझा जीव अर्धा होतो. साडीच्या दुकानात गादीवर बसून ते डब्यांची झाकणंच उजेडात धरून बघतात. "सीरे बेडा, डब्बा बेकु," म्हणजे साडी नको, डबा हवा, असं त्यांनी कानडीत सांगितल्यावर दुकानदार हात जोडून म्हणाला, "सार, साडी घ्या, डबा फुकट." मामांनी खरंच साडी घेतली. सगळं दुकान आमच्याकडे बघत होतं आणि मी जमिनीकडे. घरी अक्का म्हणाल्या, "माझ्या कपाटात साड्या उघड्या आणि ह्याच्या कपाटात डबे रिकामे, असा आमचा संसार."

मी नववीत शाळा सोडलेला, इचलकरंजीचा. मामा मला हाकच 'इचलकरंजी' अशी मारतात. होसकोटेच्या एका वर्कशॉपमध्ये मी बिल्डर लोकांच्या इमारतींची मॉडेलं करतो. आईला फोनवर 'बिल्डिंगी बांधतो' म्हणून सांगितलंय. केवढ्या, ते सांगितलेलं नाही. मामांच्या खोलीत मी आधी नुसताच बघायला जायचो, मग त्यांनी चिमटा हातात दिला, मग अक्कांनी ताट वाढलं. त्या ताटावर बसायची मला अजून लाज वाटते. भाकरी मोडतानासुद्धा आवाज होऊ नये असं वाटतं.

तर वर्कशॉपमध्ये एका मोठ्या ऑफिस इमारतीचं काम माझ्याकडे आलं. काचा बसवायला मी झटपट चिकटणारा गम वापरला आणि आत धूळ जाऊ नये म्हणून लगेच वरून छत लावून टाकलं. सकाळी बघतो तर गमची वाफ आतल्या आत कोंडून प्रत्येक खिडकी पांढरी पडलेली. मालक शांतपणे म्हणाले, "सोमवार को पार्टी आ रही है. ठीक हुआ तो रहो, नहीं तो गाँव की गाडी पकडो." इमारत खोक्यात घालून मी राजाजीनगरला आणली. जिन्यात अक्कांनी काय झालं विचारलं, तर खोकं घेऊन तसाच वर गच्चीवर गेलो.

मामांनी एक काच काढून हुंगली. "हिला मोतीबिंदू झाला रे, इचलकरंजी. पुसून नाही जायचा." रविवार होता, मालाची दुकानं बंद. घरातला साठा काढला तर त्यातल्या प्रत्येक तुकड्यात काही ना काही खोट, आणि ती मामांनीच शोधलेली. निर्दोष असा पारदर्शक प्लास्टिकचा एकच ताव त्यांना आयुष्यात मिळाला होता, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून, आणि तो कापून त्यांच्या गाडीला लागलेला होता. प्रत्येक डब्याच्या आतून, सगळ्या खिडक्यांच्या मागे, एकच लांब पट्टी. ती पट्टी माझ्या इमारतीच्या एका मजल्याला बरोबर बसत होती. हे मला दिसलं तसं त्यांनाही दिसलं.

मी नको म्हणायला हवं होतं. ते एकेका डब्याचं छत उचकटत होते, चिमट्याने पट्टी सोडवत होते आणि माझ्याकडे न बघता बोलत होते, "पांढरा गोंद लाव, कडेनेच. वाळला की दिसत नाही. सावकाश वाळतो, पण पांढरं धुकं सोडत नाही. आणि छत उघडं ठेव, सरी? कळलं ना?"

सोमवारी पार्टी आली, इमारतीभोवती फिरली, पार्किंग कमी आहे म्हणून भांडली आणि गेली. मालक मला म्हणाले, "कल टाइम पे आना." संध्याकाळी मामांनी पहिलंच विचारलं, "खिडक्यांबद्दल काही बोलले?" एक शब्द नाही बोलले, म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली.

परवा अक्कांचा मुलगा पुण्याहून आला होता. गाडी फिरताना बघून म्हणाला, "मामा, कोचला ग्लास नाही लावलीस? इनकम्प्लीट वाटतंय रे."

"उकडतंय ना," मामा म्हणाले, "पॅसेंजरांनी खिडक्या उघड्या ठेवल्यात."

तो हसला. अक्का स्वयंपाकघरात निघून गेल्या. मामांनी मला चहा आणायला खाली पाठवलं, म्हणजे मला तिथे उभं राहावं लागू नये.

तसा ताव आता कुठे मिळतो ते मला माहीत नाही; होसकोटेच्या कारखान्यांमधून विचारत फिरतोय, लोक नाही म्हणतात. पण कधीतरी मिळेल. मामांचे डोळे शाबूत आहेत तोवर मिळो. त्यांच्या त्या ट्यूबखाली पास होईल असाच ताव आणेन, पट्ट्या मी स्वतः कापेन, आणि प्रत्येक डब्याला लावून देईन.