कंट्रोल एस दाबलं की श्री!

दुकानात चार माणसं आणि दोन कॉम्प्युटर असले, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच चहाला येऊन बसतात! शिरूरच्या एसटी स्टँडमागं आप्पांचं लग्नपत्रिकांचं दुकान, तिथं मी डिझाइन करतो. टायपिंग शैलाताईंचं. ताई कागदाकडं बघून टाईप करतात, स्क्रीनकडं ढुंकूनही बघत नाहीत. अशी बोटं अख्ख्या तालुक्यात नाहीत, छातीठोक सांगतो.

आणि त्या बोटांची मी वाट लावली.

मजकूर आम्ही आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाईप करतो. त्यात मी हौसेनं एक मराठी प्लगिन टाकलं. कंट्रोल धरून एक बटण दाबलं की तयार शब्द हजर! पण त्याचे शॉर्टकट ताईंच्या जुन्या शॉर्टकटवरच येऊन बसले. कंट्रोल एस म्हणजे सेव्ह होतं, ते झालं 'श्री'. हे मला माहीत नव्हतं, ताईंना तर नव्हतंच.

पहिल्याच दिवशी लाईट गेली आणि राहू गावच्या एका पाव्हण्यांची अख्खी पत्रिका उडाली.

"सेव्ह करत जा म्हणलं होतं ना!" आप्पा कडाडले.

"दर ओळीला करतीय, आप्पा!" ताई रडकुंडीला आल्या. खरंच करत होत्या हो! दर ओळीला एकेक श्री पडत होता.

* * *

पुढच्या पत्रिकेत नवरदेवाच्या मामांना तीन श्री छापले गेले, आत्याच्या यजमानांना एकच. मामा खूश. आत्या मात्र पदर खोचून दुकानात!

"आमच्या ह्यांचे दोन श्री कुठं गेले?"

मी निमूटपणे दोन श्री वाढवून दिले.

* * *

मग मिशन कंपाउंडातल्या शाळेचे सर नाताळच्या गाण्यांची पत्रकं न्यायला आले. प्रत्येक कडव्याच्या शेवटी श्री! सरांनी चष्मा पुसला.

"शैलाबाई, एवढ्या आदरानं आमची मुलं गात नाहीत हो!"

सर हसले, आप्पा हसले नाहीत. "शैला, आता एक जरी चूक झाली, तर उद्यापासून घरीच बस."

बारा वर्षं ताई त्या खुर्चीत आहेत. त्यांचा चेहरा उतरला. आणि मी? प्लगिनचा घोळ ध्यानात येताच गुपचूप सेटिंगमध्ये जाऊन कंट्रोल एस पुन्हा सेव्हला जोडलं, तोंडातून ब्र काढला नाही. सांगायलाही लाज वाटते.

* * *

पण एक दाबलं की दुसरं वर येतं! कंट्रोल के दाबून ताई नको ती ओळ उडवायच्या. प्लगिननं त्याच बटणावर ठेवलं होतं 'कै.'! निमोण्याच्या आबांच्या नातवाची पत्रिका होती. ताईंनी एक रिकामी ओळ उडवली, ती काही उडाली नाही, तिथं 'कै.' उमटलं, आणि ताईंनी कागदाकडं बघत पुढं आबांचं नाव टाईप केलं. प्रूफ व्हॉट्सॲपवर गेलं, तिकडून न वाचताच "ओके" आलं. पत्रिका छापून गावोगाव वाटूनही झाल्या.

आठवड्यात कैलासवासी आबा स्वतः दारात! बरोबर तसलेच एक फेटेवाले म्हातारे.

"मला मारलं कुणी?" आबांनी विचारलं.

ताई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. मग मात्र मला राहवलं नाही.

"आप्पा, ताईंची चूक न्हाई. ते प्लगिन मी टाकलंय. घरी मला बसवा."

आप्पा तोंड उघडणार, तेवढ्यात दुसरे म्हातारे पुढं आले.

"मी ह्याचा धाकटा भाऊ. पोळ्याला बैल कुणाचा पुढं, यावरनं बिनसलं. नऊ वर्सं तोंड बघितलं न्हाई. पत्रिका हातात पडली आन् दौंडावरनं रडत रडत आलो, तर हा ओट्यावर भाकरी खातोय! तवा दोघंबी लई रडलो."

आप्पांनी घाईनं हात जोडले. "आबा, आत्ताच्या आत्ता ते 'कै.' काढतो. सगळ्यांना नव्या पत्रिका पाठवतो."

"थांबा की जरा!" आबा म्हणाले. "कवठ्याची बहीण अजून यायची ऱ्हायलीय."