पिसांच्या रजईला घातलेले टाके

अबुधाबीत सप्टेंबर महिन्यात रजई विकत घ्यायला निघालेला माणूस वेडा दिसतो, आणि त्या वर्षी तो वेडा मी होतो. बाहेर इतकं ऊन की गाडीचं दार उघडायला हाताला रुमाल गुंडाळावा लागे. पण डिसेंबरात आमच्या अरबाबना उत्तरेकडच्या एका थंड देशात ससाणे घेऊन शिकारीला जायचं होतं, आणि तिथल्या तंबूत त्यांनी काय पांघरायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं होतं.

अरबाब म्हणजे मालक. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी त्यांच्या घरी स्टोअरकीपर होतो. तांदळाच्या पोत्यांपासून ससाण्यांना घालायच्या गोठवलेल्या लावा पक्ष्यांपर्यंत सगळं माझ्या किल्लीखाली. अरबाब सत्तरीचे, उंच, मोजकं बोलणारे. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला येऊन-जाऊन असल्यामुळे हिंदी आमच्याइतकीच झकास. जवळजवळ दर हिवाळ्यात ते माळावर तंबू ठोकून शिकारीला जायचे. आदल्या वर्षी मात्र छातीत कफ घेऊन परतले आणि मोठ्या मुलाने अट घातली.

मुलाने मला बोलावून ती अट ऐकवली. "इस बार खांसी लेके आया तो खलास. फिर शिकार नहीं. उसको गरम रखने का सामान तुम देखो. तुम ठंडी वाला आदमी है ना?"

मी साताऱ्याकडचा. पौष महिन्यात गव्हाला पाणी धरायला रात्री शेतावर झोपलेला. घरातल्या कोकणातल्या आणि केरळातल्या लोकांसमोर मी त्या थंडीच्या इतक्या फुशारक्या मारल्या होत्या की आता माघार घ्यायची सोय नव्हती. "नो प्रॉब्लेम," मी म्हणालो.

शिकारीचं आणि कॅम्पिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात केरळचा एक सेल्समन होता. त्याने आधी झोपायच्या पिशव्या काढल्या. त्या मी बाजूला सारल्या, कारण अरबाबनी आधीच बजावलं होतं, "मैं मुर्दा नहीं है, थैली में नहीं जाएगा." शिवाय पहाटे नमाजाला उठायचं तर चेन उघडत कोण बसणार? म्हणून रजईच हवी होती.

मी सगळ्यात जाड, सगळ्यात जड रजई उचलली. आत कृत्रिम कापूस होता. चांगली पाच-सहा किलोंची, अंगावर घेतली तर जबाबदारीच पडल्यासारखं वाटावं अशी. सेल्समनने मान हलवली आणि डब्याएवढ्या पिशवीतून एक बोळा ओढून काढला. तो टेबलावर टाकल्यावर हळूहळू फुगत गेला आणि त्याची दुहेरी रजई झाली. उचलली तर हाताला काही लागेच ना.

"डाउन है," तो म्हणाला. "बत्तख के पेट का बारीक पंख." मग त्याने मला शिकवणी दिली. हंसाची लव बदकाच्या लवेहून बरी. लेबलवरचा आकडा जितका मोठा तितकी ती जास्त फुलते. पाणी लागू द्यायचं नाही, दाबून ठेवायची नाही, एका बाजूला गोळा झाली तर फक्त झटकायची. आत जाळीचे उभे पडदे आहेत, त्यामुळे वरच्या कापडापासून खालच्या कापडापर्यंत आरपार टाका कुठेच नाही.

"छे सौ दिरहम," तो म्हणाला.

"म्हणजे जवळजवळ सहा हजार रुपये!" मी मराठीतच ओरडलो. वजन नाही त्या वस्तूला एवढे पैसे? आमच्याकडे गोधडी वजनावर ओळखतात.

शेवटी दोन्ही रजया दोन दिवसांसाठी पसंतीला म्हणून आणल्या, त्याही सेल्समनने माझ्याकडून कागदावर सही घेतल्यावर. चाचणी कशी घ्यायची हे मी मनाशी ठरवलं होतं. बंदरावरच्या मासळीच्या कोल्ड स्टोअरमध्ये रत्नागिरीचा माझा एक दोस्त कामाला होता. तिकडे दुपारी एक ते चार सगळं बंद. त्या सुट्टीत त्याने मला आत घेतलं. खाली रबराची चटई आणि घोंगडं टाकून मी सुरमईच्या खोक्यांशेजारी आडवा झालो. दोस्त दाराच्या काचेतून बघत होता आणि दर पाच मिनिटांनी दार किलकिलं करून विचारत होता, "मेल्या, आहेस ना जिवंत?"

जड रजईखाली पंधरा मिनिटांत खांदे गार पडले. दुसऱ्या दुपारी पिसांची घेतली. आधी वाटलं, अंगावर काही नाहीच. मग हळूहळू माझीच ऊब माझ्याकडे परत यायला लागली. अर्ध्या तासाने दोस्ताने दार उघडलं तेव्हा मी घोरत होतो. "बाहेर माणसं भाजून निघतायत आणि ह्याची इथे थंड हवेच्या ठिकाणी ट्रिप!" असं म्हणून त्याने मला पायाने ढोसलं. मी जड रजई परत केली आणि पिसांची ठेवली.

इथे थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो. पण निघायच्या आठवडाभर आधी मी रजई तपासायला उघडली, तर पिसं पडद्यांच्या मधल्या वाटांमधून एका कडेला गेलेली. दुसरीकडे नुसतं कापड. झटकली तशी सरळ झाली. पण थंडीत, झोपेत, सत्तरीचा माणूस रजई झटकत बसणार का? आणि शिवणी तरी किती लांब लांब! वीत-वीत अंतरावर एकेक. आमच्या आईने असल्या रजईला हातसुद्धा लावला नसता. लहानपणी तिच्याजवळ बसून मी गोधडीला धावदोरा घालायला शिकलो होतो. ती म्हणायची, टाका दाट पडला की गोधडी दहा वर्षं बघायला नको.

मी जाड सुई आणि पांढरा दोरा आणला. आरपार टाके घालत, दोन बोटांच्या अंतराने, काठापासून काठापर्यंत ओळी मारल्या. तीन दुपारी लागल्या. ओळी इतक्या सरळ आल्या होत्या की मी स्वतःच त्यावर हात फिरवून खूश झालो. पिसं आता जागची हलत नव्हती. रजई जरा चपटी झाली होती, पण ती मला नीटनेटकी वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

अरबाब गेले आणि तीन आठवड्यांनी परत आले. गाडीतून उतरतानाच खोकले. मुलगा पुढे झाला, "सर्दी झाली? रजई गरम नव्हती का?" त्यांच्या अरबीतलं एवढं मला कळत होतं. अरबाबनी माझ्याकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाले, "बहुत गरम था." पुन्हा खोकले. मुलगा म्हणाला, "खलास." अरबाब तसेच आत गेले.

सामान स्टोअरमध्ये आलं. मी रजई उलगडली. छातीवर येतो त्या भागातले माझे टाके कोणीतरी एकेक करून कापले होते आणि सुईच्या भोकांवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले होते. ती चिकटपट्टी मी ओळखली. ससाण्यांच्या औषधपेटीत मीच ठेवलेली होती ती. पायांकडचे टाके तसेच होते आणि त्यांतून बारीक पिसं बाहेर डोकावत होती.

संध्याकाळी लावे घेऊन ससाण्यांच्या खोलीत गेलो तर अरबाब तिथेच बसलेले. एसी जोरात चालू होता. त्यांनी खुंटावर बसलेल्या एका ससाण्याकडे बोट दाखवलं. गारव्यात तो पिसं फुलवून दीडपट झाला होता.

"परिंदा ठंडी में क्या करता है?"

"फूलता है, अरबाब."

"हां. और तुमने उसको सी दिया."

रोज दोनदा मी त्या खोलीत येत होतो, रोज ते फुगलेले पक्षी बघत होतो. मला कान धरून बाहेर काढलं असतं तरी इतकी लाज वाटली नसती. सकाळी त्यांच्या दाढीत पिसं अडकलेली असायची म्हणे, आणि तंबूतले सगळे हसायचे. मग त्यांनी स्वतः बसून छातीवरचे टाके काढले. पण तोवर सर्दी बसली होती.

"मैं बोलता हूं आपके बेटे को," मी म्हणालो. "गलती मेरा है."

"नहीं बोलना. तुमको निकाल देगा."

म्हणजे हा माणूस माझी नोकरी वाचवायला आपली शिकार सोडून बसला होता! आणि ती नोकरी माझ्या दोन मुलांची शाळा होती, हेही त्यांना माहीत होतं. मी तीन दिवस गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. पण लावे द्यायला गेलो की अरबाब त्या पक्ष्यांसमोर बसलेले असत, माझ्याशी नेहमीसारखेच बोलत आणि शिकारीचा विषय काढत नसत. ते मला सहन होईना.

चौथ्या दिवशी रजई काखेत मारून मी मुलाच्या ऑफिसात गेलो, त्याच्या टेबलावर ती पसरली आणि सगळं सांगितलं. छाती त्यांची म्हातारी झालेली नाही, थंडी माझ्या सुईच्या भोकांतून आत गेली, असं मी म्हणालो. त्याने चिकटपट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "ये पट्टी बाबा ने लगाया?"

"हां."

"तुम नेक्स्ट इयर साथ में जाएगा," तो म्हणाला. "बाबा के लिए नया लेना. ये वाला तुम ओढेगा. ऐसा का ऐसा. यल्ला, जाओ." मी जिन्यावर येऊन बसलो. नोकरी राहिली होती, आणि त्याहून मोठी गोष्ट मला पायऱ्यांवर बसल्यावर उमगली. तो 'नेक्स्ट इयर' म्हणाला होता.

पुढच्या सप्टेंबरात त्याच दुकानातून तशीच नवी रजई आणली. सेल्समनने विचारलं, पहिली कशी निघाली? मी म्हटलं, उत्तम, म्हणून तर दुसरी घेतोय. डिसेंबरात अरबाबच्या तंबूत त्यांच्या खाटेशेजारी माझी खाट लागली. त्यांची रजई मी त्यांच्यासमोर झटकून अंगावर घातली. तत्पूर्वी त्यांनी माझे खिसे तपासले होते. सुई नव्हती.

आणि मग मला कळलं की साताऱ्याची थंडी म्हणजे काहीच नव्हे. पहाटे जाग आली तेव्हा तंबूच्या कापडाला आतून बर्फ धरलेला होता. गुडघ्यांपासून खाली माझी प्रत्येक ओळ मला मोजता येत होती. जिथून दोरा गेला होता तिथून थंडी आत येत होती, अगदी सरळ रेषेत. माझी शिवण खरोखरच सुरेख होती. छातीवर मात्र ऊब होती. तिथे टाके नव्हते, अरबाबच्या पट्ट्या होत्या.

मी त्या पट्ट्यांवर हात ठेवून पडून राहिलो. शेजारच्या खाटेवर हालचाल झाली. अरबाब नमाजाला उठले होते. एकदाही न खाकरता त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि माझ्याकडे वाकून विचारलं, "ठंडा है?"

माझे दात वाजत होते.

"नहीं अरबाब," मी म्हणालो. "बहुत गरम."

ते इतके हसले की बाहेरच्या ससाण्यांनी पंख फडफडवले.