न भाजलेल्या शेंगांचा तास

पालकसभेत, मुख्याध्यापिकाबाईंच्या समोर शेंगाचटणी करून दाखवताना मी शेंगदाणे न भाजताच कुटले. आणि तेही सोलापुरात. दुसऱ्या एखाद्या गावानं हे पोटात घातलं असतं. आमचं गाव असल्या गोष्टी तोंडातच ठेवतं.

मी इंग्रजी शिकवतो. शहराच्या पूर्व भागातली आमची शाळा कागदोपत्री सेमी-इंग्रजी आहे. माझ्या सातवीच्या वर्गात निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी दखनी उर्दू आणि दोघातिघांच्या घरी कानडी बोलतात. मराठी ती गल्लीत शिकतात आणि इंग्रजी माझ्याकडे. आता ज्याचं त्याचं नशीब. मी मूळचा जवळच्या वळसंग गावचा. कॉलेजात पहिल्यांदा इंग्रजीत भाषण करायला उभा राहिलो, तेव्हा सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो. मधलं भाषण अजून द्यायचंच आहे. त्यामुळे उत्तर येत असून तोंड उघडत नाही, अशा पोराचा चेहरा मी लांबूनही ओळखतो.

अशा पोरांसाठी शाळा सुटल्यावर मी जादा तास घ्यायचो. माझी पद्धत अडाणी होती. जे सांगायचंय ते आधी घरच्या भाषेत सांगायचं, ज्या भाषेत आई रागावते त्याच भाषेत. बाकावरच्या शेजाऱ्यानं ते मराठीत आणायचं. मग दोघांनी मिळून ते इंग्रजीत ढकलायचं. याचा गोंगाट पार ऑफिसपर्यंत जायचा. 'स्पीक ओन्ली इंग्लिश' ही पाटी ज्यांनी स्वतः उभं राहून भिंतीवर ठोकून घेतली होती, त्या मुख्याध्यापिकाबाई एक दिवस वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, इंग्रजीच्या तासाला तेलुगू कशासाठी?"

"मॅडम, पोरगं बोललं तर त्याचं चुकलेलं दुरुस्त करता येतं. गप्प बसलं तर काय दुरुस्त करू?"

बाई वाईट नव्हत्या. पालकांना इंग्रजी ऐकायचं असतं आणि बाईंना पालकांचं ऐकायचं असतं, एवढंच. त्यांनी अट घातली. पालकसभेत या पोरांचा एक तास घेऊन दाखवा. नुसतं इंग्रजी. दुसऱ्या भाषेचा एक शब्द जरी आला तरी जादा तास बंद, आणि तो वेळ शिष्यवृत्तीच्या पोरांना.

मी चटणी निवडली, कारण खलबत्त्यावर हात न चालवलेलं पोर माझ्या वर्गात नव्हतं. प्रत्येकाला एकेक वाक्य दिलं आणि तालीम घेतली. वर्गात गॅस पेटवायची परवानगी नव्हती, म्हणून बायकोनं शेंगदाणे घरूनच भाजून डब्यात भरून दिले. ओट्यावर त्याच्याच शेजारी कच्च्या दाण्यांचा डबा होता. दोन्ही डबे आमच्या लग्नातल्या एकाच आहेरातले, जुळे भाऊ. मी घाईत दुसऱ्या भावाला घेऊन आलो.

सभा भरली. पुढच्या बाकावरची पोरगी उठून ठसक्यात म्हणाली, "फर्स्ट, वी रोस्ट द पीनट्स." तेच वाक्य मी फळ्यावरही लिहिलं होतं. त्या फळ्याला पाठ करून मी डबा खलबत्त्यात उपडा केला.

दाण्यांची सालं जागच्या जागी होती. भाजलेल्या दाण्याचा वास खोलीत कुठंच नव्हता. सगळ्या पोरांना ते दिसलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं आणि तोंडं मिटून घेतली. 'सर चुकले' हे वाक्य तालमीत नव्हतं. मी कुटायला लागलो. दाणे फुटायच्या ऐवजी उड्या मारत होते. एक थेट बाईंच्या मांडीवर जाऊन बसला. मला वाटलं, आज आपल्या हाताला जोर आलाय. लसूण टाकला, तिखट टाकलं, मीठ टाकलं. पोरं आपापली वाक्यं निमूटपणे म्हणत होती. शेवटी मी चमचाभर ऐवज बाईंच्या पुढे धरला.

"सार, वेयिंचलेदु!" पुढच्या बाकावरची तीच पोरगी ओरडली.

मग बांध फुटला. "सर, भूनेच नइ, कच्चे हैं!" "शेंगा हुरिदिल्ल री, सर!" मागून कुणीतरी मराठीत भर घातली, "भाजलंच न्हाय की ओ!" सगळ्या भाषांतून माझी एकच अब्रू निघत होती.

बाईंनी चमचा बाजूला केला. "सर. ठरलं होतं आपलं."

तेव्हा माफी मागता आली असती. पण मला एकदम राग आला. पोरांचा नाही, त्या पाटीचा. अर्धा तास वीस पोरं मला खड्ड्यात जाताना बघत होती, आणि पाटीच्या धाकानं एकानंही हाक मारली नव्हती. मी म्हणालो, "मॅडम, एक मिनिट. बाळ, परत सांग. आधी आलं तसंच."

ती तेलुगूत बोलली. शेजारणीनं मराठीत सांगितलं.

"आता इंग्रजीत."

"सर, यू डिड नॉट रोस्ट." मग मागून एकजण म्हणाला, "मॅडम, डोन्ट ईट. युअर स्टमक विल पेन."

"यातलं एकही वाक्य मी शिकवलेलं नाही," मी बाईंना म्हणालो. "नियम मोडला, खरंय. रोज मोडतो. तास बंद केलात तर उद्या मैदानात घेईन आणि तिथंही मोडेन."

तेवढ्यात त्या पोरीची आई, टॉवेलच्या कारखान्यातून तशीच उठून आलेली, माझ्याकडे हात करून तेलुगूत काहीतरी बोलली आणि बायकांची अख्खी रांग हसायला लागली.

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

पोरगी माझ्याकडे बघून खाली बघायला लागली.

मांडीवरचा दाणा बाईंनी उचलून टेबलावर ठेवला. "हिनं ते मला इंग्रजीत सांगितलं, तर तास चालू राहील. सरांनी मदत करायची नाही."

म्हणजे माझा जादा तास आता माझ्याच अपमानावर टांगलेला होता, आणि तो अपमान बिनचूक व्हावा म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले. पोरगी शेजारणीच्या कानात काहीतरी पुटपुटली. शेजारणीनं मान हलवली. दोघींच्या ओठांची जरा हालचाल झाली. मग पोरगी ताठ उभी राहिली.

"माय मदर सेज, डोन्ट स्टॉप द क्लास, मॅडम. ओन्ली स्टॉप सर फ्रॉम कुकिंग. समबडी विल डाय."