रंग आधी सांगायचा

आमच्या शारजाच्या बिल्डिंगमधल्या सातव्या मजल्यावरच्या काकूंना सगळे 'कॉमेंट्री' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. काकू काकांबरोबर आमच्या गाडीत असल्या की रेडिओ लावायची सोय नसे. "लाल ट्रक पुढे गेला हो. हिरवी पाटी आली, रास अल खैमा सरळ. अगं बाई, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला तो माणूस बघा, एका हाताने चहा पितोय आणि एका हाताने गाडी वळवतोय!" डोळे आम्हालाही होते, पण सांगणार कोण? माझी लेक मागच्या सीटवरून पुटपुटायची, "आई, शी इज डूइंग इट अगेन."

त्यातही त्यांची एक शिस्त होती. एकदा मी म्हटलं, "काकू, खाली नवीन किराणा उघडलाय, पाहिलात?" तर म्हणाल्या, "पाटी कुठल्या रंगाची? रंग आधी सांगायचा असतो गं, नाव नंतर." मी मनात म्हटलं, घ्या, हे आणखी एक खूळ.

काका अगदी उलट. इंडस्ट्रियल एरियात त्यांचं टाइल्सचं दुकान होतं. माणूस मोजकं बोलणारा, सदा काळा चष्मा, आणि चालताना हात काकूंच्या खांद्यावर. आम्ही चिडवायचो, "काका, साठी उलटली, आता तरी सोडा की बायकोला!" काका नुसते हसायचे. काकू म्हणायच्या, "जळू नका गं. यल्ला, चला, समोर करडी पायरी आहे."

काकांच्या दुकानात टेबलामागे मशीन पुरवणाऱ्या एका युरोपियन कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं. वर्ष कधीच सरलं होतं, पान मात्र उलटलं नव्हतं. त्यावर ऑस्ट्रियातल्या एका जुन्या, बरोक शैलीतल्या मठाच्या चर्चचं रंगवलेलं छत. "याच्याखाली एकदा उभं राहायचंय," काका म्हणायचे. "बाकी काही हौस राहिली नाही." शेवटी एका ईदच्या सुट्टीत आमची दोन्ही घरं निघाली.

नदीकाठच्या टेकडीवर तो पिवळाधमक मठ. चर्चमध्ये प्रार्थना सुरू होणार होती, म्हणून दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आत पाऊल टाकलं आणि मी बघतच राहिले. खांबांवर, वेलबुट्टीवर, जिकडेतिकडे सोनं! काकूंनी लगेच कुजबुज सुरू केली. बाई आल्या, पुन्हा बोट. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. काकू गप्प झाल्या. खरं सांगते, मला तर हायसं वाटलं.

काका मान वर करून उभे होते. खूप वेळ. मग त्या शांततेत त्यांचा आवाज आला, "अगं, बोल ना. मला काहीच दिसत नाहीये."

काकूंनी माझा हात घट्ट धरला आणि कानात म्हणाल्या, "गेली कितीतरी वर्षं नजर जात चाललीय गं. आता नुसता उजेड कळतो. धंद्यात कळायला नको म्हणून कुणाला बोलायचं नाही, अशी शपथ घातलीय यांनी मला."

मी तशीच त्या बाईंकडे गेले. माझं इंग्रजी आणि त्यांचं इंग्रजी, दोन्ही यथातथाच. काकांच्या चष्म्याकडे बोट दाखवलं, मग काकूंच्या तोंडाकडे. त्यांना कळलं. त्यांनी काकांचा हात धरून दोघांना शेवटच्या बाकावर बसवलं. प्रार्थना संपली, लोक गेले, तेव्हा बाईंनी मोठं दार लोटून घेतलं आणि काकूंना म्हणाल्या, "नाऊ. प्लीज."

"निळं आकाश," काकू म्हणाल्या. "गुलाबी ढग. त्यावर गुबगुबीत पोरं बसलीत, पाय खाली सोडून, आपल्या कॉर्निशवर समुद्राकाठच्या कठड्यावर बसतात ना, तश्शी."

"डाव्या कोपऱ्यात एक म्हातारा होता बघ, कॅलेंडरमध्ये."

"आहे हो. तपकिरी झगा. दाढी थेट आमच्या दादाची!"

काका खदखदून हसले. इतके हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "दिसलं. खलास, सगळं दिसलं."

मागच्या वर्षी काका गेले आणि काकूंचं बोलणं थांबलं. विचारलं तर उत्तर द्यायच्या, बस्. "आता कुणासाठी बोलू?" एवढंच म्हणाल्या एकदा. मुलगा पुण्याला न्यायला येणार होता. त्याआधी एका शुक्रवारी मी त्यांना बळेच खोर फक्कानच्या समुद्रावर न्यायला बाहेर काढलं. सगळ्या डोंगरातून बाई गप्प. मला ती शांतता सोसेना. मीच सुरू केलं, "काकू, ट्रक गेला. बोगदा आला." मग वळण संपलं तसं, "काकू, समुद्र दिसला बघा."

"कुठल्या रंगाचा?" त्या समोर बघतच म्हणाल्या.

मी गाडी हळू केली. तेवढ्यात मागच्या सीटवरून लेक पुढे वाकली. "ब्लू, आजी. नो, वेट. आधी हिरवा, मग ब्लू. आणि एक ऑरेंज बोट आहे, छोटी."

काकूंनी डोळे मिटून घेतले. "हं," त्या म्हणाल्या, "सांग पुढे."