पाचशे ग्रॅमचा संशय

पुंडलिक वाळूजच्या एका कंपनीत टूलरूममध्ये फिटर आहे. सव्वीस वर्षं झाली. मायक्रोमीटर हातात असल्याशिवाय या माणसाचा कशावरच विश्वास बसत नाही. भाजीवाल्यानं किलोभर वांगी दिली की घरी येऊन ती पुन्हा तोलणार. पाहुण्यानं "जेवून आलोय" म्हटलं की बायकोला हळूच विचारणार, "खरंच जेवून आला असंल का?" टूलरूममध्ये हा गुण म्हणून खपतो. घरात बायको, सरिता, त्याला दुसरंच काहीतरी म्हणते.

असा माणूस पंचेचाळिशी ओलांडल्यावर पुन्हा पिस्तूल हातात घेतो म्हणाला, तेव्हा सरितानं पोळी लाटता लाटता एवढंच विचारलं, "परत तोच नाद?"

तो नाद नऊ वर्षांपूर्वी सुटला होता. हवेच्या दाबावर चालणारं, दहा मीटरवरून नेम धरायचं ते पिस्तूल पुंडलिकनं मोठ्या हौसेनं घेतलं होतं. लाकडी मूठ स्वतःच्या तळव्याच्या मापानं कानस मारून त्यानंच घडवली होती. जिल्ह्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. असलाच तर एक, इंद्रजीत, त्याचा जिवाभावाचा दोस्त. दोघं मिळून पुण्याला राज्य निवडीला गेले. डिसेंबरचे दिवस होते. पुंडलिक लांबच्या नातेवाइकाकडं उतरला आणि त्या घरात लहान मुलं होती म्हणून पिस्तुलाची पेटी इंद्रजीतच्या लॉजवर ठेवली. सकाळी रेंजवर उभा राहिला तर ट्रिगर त्याचा राहिलाच नव्हता. जड, रखडणारा, बोट दाबावं तर मधेच अडणारा. छर्रे डावीकडं, खाली. निवड दोन गुणांनी हुकली.

सगळ्यांसमोर तो इंद्रजीतला म्हणाला, "माझ्या पिस्तुलाला तूच हात लावला."

इंद्रजीत मान खाली घालून उभा राहिला. पुंडलिकला तेवढा पुरावा पुरेसा झाला. घरी येऊन त्यानं पेटी आईच्या, गोजरबाईच्या हाती दिली आणि म्हणाला, "माय, हे माझ्या डोळ्यासमोर नको." गोजरबाईनं ती आपल्या लोखंडी ट्रंकेत ठेवली. ती लासूर स्टेशनकडची बाई. ठेव म्हटलेली वस्तू जिवापाड जपणारी.

आता राज्य स्पर्धेत पंचेचाळीसच्या पुढच्यांसाठी वेगळा गट निघाला होता. पुंडलिकला पदकाची हाव नव्हती असं नाही, पण त्याला खरं हवं होतं ते निराळंच. नऊ वर्षं एक प्रश्न त्याच्या डोक्यात भुंग्यासारखा घुमत होता. त्या दिवशी हुकलं ते दगाफटक्यानं, की आपला हातच तेवढ्या लायकीचा नव्हता? तेच पिस्तूल, तसाच मोसम, तशीच स्पर्धा. यावेळी जमलं म्हणजे तेव्हा आपल्याला लुबाडलं होतं हे सिद्ध. नाही जमलं, तर मात्र नऊ वर्षं एका माणसाला फुकट शिव्या घातल्या.

अडचण अशी की त्याच्या सोयीची रेंज आता इंद्रजीतच चालवत होता. क्रांती चौकापासून दहा मिनिटांवर, एका जुन्या मंगल कार्यालयाच्या वर, पत्र्याच्या छताखाली. पुंडलिक जिना चढून गेला. इंद्रजीतचे केस पांढरे झाले होते. त्यानं क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "ये. तीन नंबरचं लॉकर रिकामं आहे."

एवढ्या सहज लॉकर दिलं, तिथंच पुंडलिकच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

ट्रंकेतून पेटी निघाली तेव्हा तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. खांडेनवमीला घरातल्या विळ्या-कोयत्यांबरोबर आई पेटीलाही कुंकू लावत असणार, हे त्यानं ओळखलं आणि फडक्यानं पुसून टाकलं. हवेचा सिलिंडर नवा बसवला. सुकलेले रबरी वायसर बदलले, साइट पुसली. रोज संध्याकाळी जेवणाआधी टेबलावरच्या शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बखाली तो ट्रिगरचे स्क्रू पाव-पाव आटा फिरवत बसायचा. नियम सोपा आहे. ट्रिगरनं निदान पाचशे ग्रॅम वजन पेललं पाहिजे. वजन ट्रिगरला टांगून पिस्तूल वर उचलायचं. खटका सुटला नाही तर पास. पुंडलिकनं टूलरूममध्ये स्वतः पितळेची वजनं कातून आणली होती, पाचशे, पाचशेवीस, सहाशे. पाचशेला ट्रिगर ठाम राहायचा आणि पाचशेवीसला काच फुटावी तसा स्वच्छ सुटायचा. आत तेलही छान चकाकत होतं. नऊ वर्षांपूर्वी आपण घातलेलं तेल अजून सुकलं कसं नाही, एवढा एकच संशय या संशयी माणसाला आला नाही.

सकाळी साडेसहाला, कंपनीची बस पकडायच्या आधी, तो रेंजवर जायचा. थंडी मी म्हणत होती. आणि सकाळी ट्रिगर पुन्हा तसाच. जड, रखडणारा. सहाशेचं वजन टांगलं तरी ढिम्म हलेना. छर्रे डावीकडं, खाली.

पिस्तूल घरी नेऊन बल्बखाली पाहावं तर पाचशेवीस. लॉकरमध्ये ठेवून सकाळी काढावं, तर सहाशेलाही दाद नाही. पुंडलिकनं लॉकरला स्वतःचं कुलूप घातलं. कुलपाच्या कडीत बारीक दोरा अडकवला. सकाळी दोरा जागच्या जागी, ट्रिगर मात्र बिघडलेला. सरिताच्या नेलपॉलिशचा एक-एक थेंब त्यानं स्क्रूंवर ठेवला, कोणी फिरवला तर तडा जाईल म्हणून. तडा कुठंच नव्हता. शहाणा माणूस इथं थांबून म्हणाला असता, मग कोणी फिरवलेलाच नाही. पुंडलिक म्हणाला, चोर हुशार आहे.

त्यानं चारचौघांदेखत लॉकर रिकामं केलं. "इथं वस्तू सुरक्षित राहात नाय," तो मोठ्यानं म्हणाला.

इंद्रजीत छर्ऱ्यांचे डबे मोजत होता. "बरं," एवढंच म्हणाला. तो चिडला असता तर पुंडलिकला बरं वाटलं असतं.

मग लॉकरचं कुलूप पेटीलाच लागलं, पेटी घरच्या कपाटात गेली आणि किल्ली करदोट्याला बांधली गेली. तरी सकाळी तेच. आता इंद्रजीतवर आळ घेता येईना. राहिलं घर. संध्याकाळी त्यानं सरिताला विचारलं, "माझ्या पेटीला कोणी हात लावलता का?"

ती भाकरी थापायची थांबली. "कोणी म्हणजे मीच ना?"

"मी तसं म्हनलो का?"

"नऊ वर्षांपूर्वी इंद्रजीतभाऊजी, आज मी. उद्या कोणाचा नंबर, अहो?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढला नाही. "किल्ली तुमच्या कमरेला. तिथून मी कधी काढली तेवढं सांगा, म्हणजे झालं."

पुंडलिकला त्या रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. आपण चुकलो हे त्याला कळत होतं, पण ट्रिगर तर खोटं बोलत नव्हता.

स्पर्धेला आठ दिवस उरले. रविवार होता. सकाळीच तो पिस्तूल घेऊन गच्चीवर गेला. आज दिवसाउजेडी, रात्रभर गारठलेलं असतानाच ते उघडून बघायचं त्यानं ठरवलं होतं. कोपऱ्यात कोवळ्या उन्हात गोजरबाई केस मोकळे सोडून बसली होती. शेजारी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवलेली, तेल गोठून पांढरंफटक झालेलं. विरघळायची ती वाट पाहत होती.

पुंडलिकनं ट्रिगरची बाजूची पट्टी काढली. आत तेल नव्हतं. दोन इवल्या पोलादी तुकड्यांच्या मधे पांढरे, रवाळ गोळे अडकून बसले होते. एका गोळ्यात कुंकवाचा लाल कण होता. त्यानं बोटावर घेऊन वास घेतला. खोबरेल; संध्याकाळी बल्बच्या उबेला पातळ, सकाळच्या गारठ्यात घट्ट. मग बाटलीकडं पाहिलं. मग आईकडं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

"माय, याच्यात तेल घातलतं का तू?"

"व्हय की," गोजरबाई कौतुकानं म्हणाली. "खांडेनवमीला हत्याराची पूजा केली का दोन थेंब सोडते. अडकित्त्याला सोडते तसं. गंजू नये म्हून. मग खटका दाबून बघते, तेल मुरतंय का नाय ते. आसं नवंच्या नवं ऱ्हायलंय बघ."

"कधीपासून?"

"तू आणलं त्या सालापासून. तू तवा कामावर असायचा." तिनं मान वर केली. "कामून रे? खराब झालं का काही?"

पुंडलिकनं हातातली पट्टी खाली ठेवली. त्या सालापासून. म्हणजे पुण्याच्या आधीच्या दसऱ्यालासुद्धा. त्या थंड सकाळीसुद्धा हेच पांढरे गोळे आत बसलेले होते, आणि तो एका माणसाच्या खाली घातलेल्या मानेकडं बोट दाखवत होता.

"नाय माय," तो म्हणाला. "लई चांगलं ठेवलंस तू." आणि बाटली उचलून त्यानं तिच्यासाठी आणखी उन्हात सरकवली.

दिवसभर बसून त्यानं एकेक भाग पेट्रोलनं धुतला. संध्याकाळी सरितापाशी जाऊन सगळं सांगितलं आणि म्हणाला, "चुकलं माझं." ती म्हणाली, "हे तिथं जाऊन सांगा. माझं मी बघते."

सोमवारी सकाळी हाडं गोठवणारी थंडी होती. रेंजवर इंद्रजीत एकटाच झाडू मारत होता. पुंडलिकनं उभ्या-उभ्या सगळं सांगितलं, दसरा, खोबरेल, गोठलेले गोळे, पुणे. काहीच राखून ठेवलं नाही.

इंद्रजीत झाडू तसाच हातात धरून बाकावर बसला.

"पुंड्या, मी त्या रात्री पेटी उघडली होती."

पुंडलिकच्या अंगात नऊ वर्षांची आग एकदम उसळली. म्हणजे बरोबर होतं. हात लावला होता.

"तुझ्यासारखं पिस्तूल माझ्याकडं नव्हतं यार," इंद्रजीत म्हणाला. "नुसतं हातात धरलं. दोनदा ट्रिगर ओढून बघितला अन् ठेवून दिलं. सकाळी तुझा नेम गेला, तर मला वाटलं, माझ्याच हातानं काही झालं. म्हणून तोंड उघडलं नाही. नऊ वर्षं हेच डोक्यात आहे. लॉकर दिलं तेव्हाबी हेच होतं."

आग जशी उसळली तशीच बसली. एवढे दिवस ज्या कबुलीसाठी तळमळलो ती मिळाली, आणि तिचं काय करावं हे पुंडलिकला कळेना. तो बाकावर त्याच्या शेजारी बसला. हा माणूस नऊ वर्षं त्याच्यापेक्षा जास्त भोगत होता, आणि तेही न केलेल्या गुन्ह्याबद्दल. पुंडलिकला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

इंद्रजीत उठला. "आण इकडं. थंडी आहे तोवर बघून घेऊ." त्यानं खिडकीकडं तोंड करून पितळेची वजनं एकेक टांगली. पुंडलिकला त्याची फक्त पाठ दिसत होती.

"पाचशेला धरला," इंद्रजीत म्हणाला. "पाचशेवीसला सुटला. एकदम साफ."

सवयीनं पुंडलिकचा हात वजनाकडं गेला. स्वतः टांगून बघायला. मधेच थांबला आणि स्वेटरच्या खिशात परत गेला.

"तू बघितलंस ना," तो म्हणाला. "मग बास."

आणि करदोट्याची किल्ली सोडून त्यानं पेटीच्या कुलपासकट इंद्रजीतपुढं बाकावर ठेवली, पुन्हा तीन नंबरच्या लॉकरसाठी.