शेवटी कोण उतरतं

विद्यार्थी तिच्या माघारी तिला ‘मोजपट्टी’ म्हणत, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. महाविद्यालयात ती औद्योगिक अभियांत्रिकी शिकवायची. कारखान्यात माल उगाच फिरू नये, यंत्रं रिकामी राहू नयेत, माणसांचे हेलपाटे वाचावेत, याचं ते शास्त्र. घरीही ते तिच्या डोक्यातून जात नसे. एकदा तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे हाताशी येतील असे नव्याने लावले. तिला लहानाचं मोठं करणाऱ्या मावशीने संध्याकाळपर्यंत ते मुकाट्याने होते तिथे परत ठेवले.

“अगं, वेळ वाचतो ना मावशी.”

“वाचवून ठेवतेस कुठे? ते आधी दाखव.”

पुढे मावशीची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. रुग्णालयाच्या दोन गाड्या रुग्णांना घरून आणत आणि परत सोडत, त्यामुळे मोजपट्टी निर्धास्त होती. पण एक दिवस ती महाविद्यालयातून घरी पोचली, तर मावशी नुकतीच दारात उतरत होती. उपचार दुपारी संपले होते, आणि आता रस्त्यावरचे दिवे लागले होते. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“इतका वेळ कुठे होतीस?”

“रुग्णालयाच्या बाकावर. गाडी येते, येते म्हणत.”

“पुढच्या वेळेपासून मी आणायला येते.”

मावशी भिंतीला धरून बसली. “ये की. आणि त्या बाकावरच्या बाकीच्यांना कोण आणणार? त्यांच्या भाच्या काय तुझ्यासारखं वेळ वाचवायचं गणित शिकवत नाहीत.”

ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी ती रुग्णालयाच्या वाहनप्रमुखासमोर जाऊन बसली. तो वैतागलेला, पण सरळ माणूस होता. “गाड्या दोनच आहेत, बाई. गणित करून तिसरी पैदा करणार का?”

“आहेत त्याच नीट फिरवून बघू,” ती म्हणाली.

दोन्ही गाड्यांचं एकूण अंतर कमीत कमी व्हावं, असा आराखडा तिने संगणकावर बसवला. गाड्या तशा धावू लागल्या आणि डिझेल खरोखरच वाचलं. वाहनप्रमुख चक्क हसला. मावशीही लवकर घरी येऊ लागली. मोजपट्टीने शोधनिबंध लिहून पाठवला, तो एका चांगल्या नियतकालिकाने स्वीकारला. तिची बढती त्यावरच अडली होती. विभागप्रमुखांनी सगळ्यांना चहा पाजला.

आणि मग डायलिसिसला मावशीच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा शिंपी यायचा बंद झाला. तो पुलापलीकडे, शहराच्या पार टोकाला राहायचा. दोन पाळ्या चुकल्या, फुफ्फुसांत पाणी भरलं, आणि त्याला श्वास लागलेल्या अवस्थेत आणावं लागलं. मोजपट्टी त्याला वॉर्डात भेटायला गेली.

“तुम्ही येणं का थांबवलंत?”

“उपचार झाले की मळमळतं, बाई. त्यात सगळं शहर फिरून मी शेवटी उतरतो. दर वेळी मीच. अंगात त्राण राहत नाही. मला सांगा, तुमच्या हिशेबात मी शेवटी का?”

तिने खोटं बोलायचं टाळलं. “तुम्ही लांब राहता म्हणून. तुम्हाला शेवटी सोडलं की अंतर कमी होतं.”

“म्हणजे सगळ्यांचा वेळ माझ्यातून काढलात.”

घरी जाऊन तिने नियतकालिकाला पत्र लिहिलं आणि निबंध मागे घेतला. विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. “अगं, आकडे खरे आहेत ना?”

“आकडे खरे आहेत, सर. प्रश्न चुकीचा विचारला मी.”

मग ती हट्टालाच पेटली. रुग्णांबरोबर गाडीत बसून फिरली, वळणावळणावर कोणाचं डोकं गरगरतं ते पाहिलं. आता अंतर नव्हे, तर ज्याला सर्वांत जास्त ताटकळावं लागतं त्याचा वेळ आधी कमी करायचा, असं तिने ठरवलं. एकाच माणसावर दर वेळी शेवटी उतरायची पाळी येता कामा नये, ही अट घातली. पण नुसत्या गाड्या हलवून ते जमेना. एका दिशेचे लोक एकाच वेळी मोकळे व्हायला हवे होते, म्हणजे डायलिसिसच्या वेळाच बदलायला हव्या होत्या.

मुख्य परिचारिकेने साफ नकार दिला. “माणसं आहेत ती, खोकी नव्हेत. त्या कोपऱ्यातल्या दोघी बघा. दिवसभर भांडतात, पण एक आली नाही तर दुसरी सुई टोचून घेत नाही.”

“मग त्या दोघी एकत्रच राहतील. तीही अट घालते. आणखी कोण आहे, सांगा.”

परिचारिका सांगत गेली. मोजपट्टी आठवडेच्या आठवडे येत राहिली, आराखडा मोडत राहिली, पुन्हा बांधत राहिली. वाहनप्रमुख कुरकुरला, “डिझेल वाढेल.”

“थोडं वाढेल. लपवत नाही. पण तो शिंपी परत वॉर्डात दाखल झाला, तर तो खर्च कुठल्या खात्यात धरणार?”

त्याने डिझेलची वही मिटली. मग म्हणाला, “महिनाभर बघू.”

पहिल्याच दिवशी सुई काढल्यावर एकाचं रक्त थांबेना आणि एक गाडी खोळंबली. सगळे मोजपट्टीकडे पाहू लागले. पण अशा खोळंब्यासाठी तिने मुद्दाम सैल वेळ ठेवला होता. दुसऱ्या गाडीने खोळंबलेल्या गाडीतल्या दोघांना जाता जाता घरी सोडलं आणि बाक रिकामा झाला. शिंपी त्या दिवशी सर्वांत आधी उतरला. “आज बायको घरात नसेल,” तो कुरबुरला, “इतक्या लवकर कोण येतं?” आणि गालातल्या गालात हसला.

महिन्याची मुदत संपली, पण आराखडा बंद करा असं कोणीच म्हटलं नाही. बढती मात्र त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. ती बातमी कळली त्या दिवशी मोजपट्टी घरी आली, तेव्हा मावशी आधीच पोचली होती आणि उन्हात पाय पसरून भाजी निवडत होती.

“वाईट वाटतंय का गं?”

“वाटतंय,” ती म्हणाली आणि शेजारी बसली.

मावशीने अर्धी जुडी तिच्यापुढे सरकवली. तेवढ्यात फोन वाजला. वाहनप्रमुख होता. पुलाच्याही पलीकडून एक नवी पेशंट आली होती.

“तिला आराखड्यात बसवता येईल का, बाई?”

“बसवायचीच,” मोजपट्टी म्हणाली. “सकाळी येते.”