वयनीचा कप्तान

आमची वयनी ज्या माणसापायी बदनाम झाली, तो माणूस या जगात कुठेच नव्हता. हे तिला माहीत होतं आणि तिच्या खालोखाल मला. माझ्या तोंडून हे आजवर बाहेर पडलेलं नाही; बायकोशीसुद्धा मी या विषयावर कधी बोललो नाही. घुम्या माणसाला एक सोय असते. तो गप्प बसला तर कोणाला त्यात वावगं वाटत नाही. त्या सोयीचा मी पुष्कळ फायदा घेतला. आता लिहितो.

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमच्याकडे वहिनीला वयनीच म्हणतात. ती मूळची डिचोलीची. लग्न होऊन हरमलला आली तेव्हा पहिले काही महिने तिला समुद्राच्या आवाजाने झोप लागत नसे, आणि पुढे डिचोलीला माहेरी गेली की तो आवाज नाही म्हणून झोप लागेना. दादाने घरामागे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि थोड्याच वर्षांत तो छातीच्या दुखण्याने गेला. खोल्या वयनीने सांभाळल्या. चादरी धुणं, गोऱ्यांना गरम पाणी कुठलं ते सांगणं, पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, सगळ्यांचे पाव घेऊन ठेवणं, सगळं तीच बघायची. मी मुरगावच्या बंदरात कारकून. बायको-मुलं माझ्याजवळ वास्कोला. शनिवारी मी घरी यायचो, घरात आई आणि वयनी दोघीच.

तिची एक खोड होती. स्वयंपाक करताना ती मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा करायची आणि मधूनच त्याला जरा थांब म्हणून दटावायची, "थांब रे मात्सो. भाकरी करपतली." मग भाकरी उतरवून, पदराला हात पुसून, अगदी पाहुण्याच्या समोर बसावं तशी त्याच्यासमोर बसायची.

मोबाइलमधला तो खेळ तिला पुण्याच्या एका मुलीने दिला होता. ती मुलगी आमच्या खोलीत राहून लॅपटॉपवर नोकरी करायची. खेळ कसला, चित्रांची गोष्टच ती. पण गोष्टीतली मुलगी म्हणजे तुम्ही. बंदराच्या गावात चार पुरुष तुमच्याशी बोलायला येतात: एक राजपुत्र, एक डॉक्टर, एक पाव भाजणारा आणि एक जहाजाचा कप्तान. ते काही विचारतात, खाली तीन उत्तरं दिसतात, त्यातलं एक तुम्ही निवडायचं. उत्तरावर ठरतं, तो जवळ येणार की दूर जाणार. असले खेळ खास बायकांसाठी करतात आणि जगभर लाखो बायका ते जीव टाकून खेळतात, हे मला फार नंतर कळलं.

वयनी एकटी खेळणारी नव्हती. उन्हाळ्यात आमच्या अंगणात सोलं करायला शेजारच्या बायका जमत. हात कोकमाने लाल झालेले, आणि मधोमध वयनी इंग्रजी वाचून आमच्या बोलीत सांगतेय. बडबड्या राजपुत्र आला की शेवंता, मासे विकणारी आमची शेजारीण, सुरी उगारायची. "ह्याका धाड गो घरा! नुसतो उलयता. काम कितें करता?" बायकांचा लाडका पाववाला, त्याला त्या 'पोदेर'च म्हणत. "तो बघ, सकाळीं उठता. घरात पाव तरी येतलो." उत्तर निवडायची वेळ आली की अंगणात भांडण जुंपे. "दुसरें दी!" "दुसरें नाका गो, तो फुगतलो. तिसरें!" एकदा उत्तर चुकलं आणि डॉक्टर रुसून निघून गेला, तर शेवंता दोन दिवस वयनीशी बोलली नाही. "असो बरो डॉक्टर हातचो घालयलो," म्हणे.

वयनीचा जीव मात्र कप्तानावर. तो फारसं बोलत नसे. शेवंताने एकदा तिला नवऱ्यावरून डिवचलं, "तुका परत गप्प दादलोच जाय? घरात एक होतो मगे." बायका चपापल्या. दादा जाऊन दोन पावसाळेही झाले नव्हते. वयनी बी काढत म्हणाली, "तो गप्प रावन उठून भायर वतालो. हो गप्प रावन थांबता." आणि मग स्वतःच हसली. दादा वाईट नव्हता. पण ती जेवायला वाढी तेव्हा तो ताटावरून मान वर करत नसे, हे मी वर्षानुवर्षं समोर बसून पाहिलं होतं.

मी तिला एकदाच विचारलं होतं, यात एवढं काय आहे म्हणून. ती म्हणाली, "भावजी, तुका कितें जाय म्हणून माका जल्मात कोणें विचारूंक ना. लग्न करतना ना, खोल्यो बांदतना ना. हांगा दर पांच मिनटांनी विचारतात." मी मान हलवली. तुला काय हवं, हे मीही तिला कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी मी आलो की तिची शब्दांची चौकशी असे. पाहुण्यांशी बोलण्यापुरतं इंग्रजी तिला येत होतं, पण कप्तानाचं इंग्रजी वेगळं. "भावजी, 'बिलव्हेड' म्हणजे कितें?" मी चहा पीत सांगायचो, "प्रिय. आमच्या फायलींत नसतो तो शब्द." ती तोंडातल्या तोंडात तो घोळवायची. "प्रिय न्हय. प्रिय म्हणजे तुमचें पत्रांतलें. हो वेगळो आसा." तेव्हाच मला खुपायला लागलं होतं. खरं तेच सांगायचं तर मला तिचं हसणं सोसत नव्हतं. दादा गेल्यावर ती रडत होती तोवर ती आमच्या घरची होती. हसायला लागली आणि मला वाटलं, ही कुठेतरी निघाली. खेळ म्हणून काहीतरी आहे एवढं ठाऊक असूनही मी तो कधी नीट पाहिला नव्हता. बायकांचा पोरखेळ म्हणून सोडून दिला होता.

पुढच्या थंडीत, गावात गोऱ्यांची गर्दी असताना, ते घडलं. वयनी विहिरीवर होती. बरणीला टेकलेला मोबाइल उजळला. वर संदेश, इंग्रजीत: 'आज तू आली नाहीस. मी धक्क्यावर वाट पाहत होतो.' खाली नाव, एड्रियन.

हे असं आणखी कुठल्या गावात झालं असतं का, मला माहीत नाही. पण हरमलमध्ये एड्रियन नावाचा माणूस म्हणजे भाड्याची मोटरसायकल घेऊन फिरणारा गोरा. आणि धक्का म्हणजे केरीचा, जिथून पलीकडे तेरेखोलला फेरीबोट जाते. मला दुसरं काही सुचलंच नाही. कप्तानाचं नाव कधी माझ्या कानावर आलं नव्हतं; अंगणात तो नुसता 'कप्तान'. आणि खेळ दोन दिवस उघडला नाही की तो आपणहून अशी हाक घालतो, हे मला कुठून ठाऊक असणार! त्या आठवड्यात खोल्या भरलेल्या होत्या, वयनीला मान वर करायला फुरसत नव्हती. मी स्कूटर काढली आणि केरीला गेलो. धक्क्यावर एक उंच गोरा माणूस पाण्याकडे बघत उभा होता. फेरीबोट आली, गेली. तो गेला नाही. माझी खात्री पटली. घरी येऊन आईला सांगितलं, आणि आईच्या सांगण्यावरून डिचोलीला वयनीच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "फुडल्या आयतारा येतां."

पुढच्या शनिवारी मी आलो तेव्हा वयनी खोल्यांच्या चादरी काढत होती. मोबाइल फळीवर, त्यावर पुन्हा एड्रियनचा संदेश. मी तो उचलला आणि त्याच नावावर बोट ठेवलं. बारीक वाद्य वाजू लागलं. चित्रातलं बंदर, चित्रातला धक्का, निळ्या डगल्यातला चित्रातला कप्तान. त्याने मला विचारलं, "तू दमलेली दिसतेस. बसतेस का?" खाली तीन उत्तरं. मी मोबाइल जागेवर ठेवला.

डिचोलीला एक फोन केला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी केला नाही. मला शेवंताचं हसू ऐकू येत होतं. चित्रातल्या दादल्याला धरायला भावजी स्कूटर घेऊन केरीला गेले! सगळ्या वाड्यावर, बाजारात, पुढे मुरगावच्या कचेरीपर्यंत ते पोचलं असतं. एवढ्यासाठी. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडत नाही.

रविवारी तिचा भाऊ सोप्यावर बसला, पायांतली वहाणही न काढता. त्याने विचारलं तेव्हा वयनी आधी खळखळून हसली. "अरे, तो खेळ रे! शेवंताक विचार." आत जाऊन मोबाइल आणला, त्याच्या हातात दिला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याने तो माझ्यापुढे केला. "तुमी शिकिल्ले. तुमी सांगा, हो खेळ काय खरो?"

वयनी माझ्याकडे बघत होती. अगदी निश्चिंत होती ती. भावजी शब्दांचे अर्थ सांगतात, हाही सांगतील.

मी म्हणालो, "मोबायलातलें माका कळना. पुण केरीच्या धक्क्यार एक गोरो माणूस आपल्या दोळ्यांनी पळयलो."

दुसऱ्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच ते कोणाला खोडता आलं नाही. आईने पदर तोंडाला लावला. भाऊ उठला. वयनीचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं, आणि ती मला म्हणाली, "कसो दिसता तो, भावजी? माका तर केन्नाच दिसूंक ना."

त्याच दिवशी भाऊ तिला घेऊन गेला. मोबाइल तिने मेजावर ठेवला, न मागताच. शेवंता दुसऱ्या दिवशी दारात येऊन खेळाचं खरं सांगू लागली, तेव्हा आईने तिला, "तुमीच तिका बिगडयली," म्हणून हाकलून दिलं. मासेवालीच्या शब्दाला बंदरातल्या कारकुनाच्या शब्दापुढे किंमत कुठली! त्यानंतर शेवंता आमच्या घरी मासे घालत नाही. रस्त्यात भेटली की पाटी खाली न ठेवता विचारते, "बरे मगे, केरीवाले?"

एका चवथीला मी डिचोलीला गेलो. वयनी गणपतीवरच्या माटोळीत टांगायची फळं पुसत बसली होती. वाळली होती. माझ्यासाठी चहा आणला, चौकशी केली, आईच्या गुडघ्यांचं विचारलं. तिने मला एकदा बोलावं, चार शब्द सुनवावेत, म्हणून मी थांबून राहिलो होतो. ती म्हणाली, "कप्तान दर्यांत गेल्लो, तितल्यांत आमचें बंद पडलें. तो परत येता काय ना, तें माका कळूंकच ना." भाच्या विचारतात तेव्हा ती पुढची गोष्ट मनानेच सांगते, असंही म्हणाली. "केन्ना येता, केन्ना ना. मन जाता तशें." माझ्या खिशात माझा मोबाइल होता, त्यावर खेळ घेता आला असता. मी तो बाहेर काढला नाही.

दोन वर्षांनी पावसात ती गेली. पोटात गाठ होती, उशिरा कळलं. मी जाऊन आलो, खांदा दिला.

त्यानंतर मी तो खेळ माझ्या मोबाइलवर घेतला. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत, बोटींकडे तोंड करून बसायचो. पहिल्यांदा माझ्या उत्तरांना कंटाळून चौघेही निघून गेले. मला उत्तरं देता येत नाहीत, असं तो खेळ आडूनआडून सांगत होता. मग मी अंगणातली भांडणं आठवायला लागलो. शेवंता इथे काय म्हणाली असती? वयनीने कशावर बोट ठेवलं असतं? तसं खेळत गेलो तेव्हा कप्तान परत आला. जहाज मोडलेलं, हात जायबंदी, पण आला. आणि येऊन तो काय म्हणतो ते वाचताना मला एका शब्दापाशी अडायला झालं. शब्द सोपाच होता. त्याचा अर्थ सांगायला समोर कोणी नव्हतं.

वयनीच्या भावाची थोरली मुलगी दीपा. बारावी चांगल्या गुणांनी झाली. तिला पुढे शिकायला पणजीला जायचंय. बाप सोडत नाही. तिच्या हातात मोबाइल नाही, मैत्रिणीचा आणला तर घरात रणकंदन. गेल्या महिन्यात एका लग्नात तिचा बाप माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "तुमकां ठावूक आसा मगो. आत्येक मोबायलान खाल्ली. हिका खावंक दिवचो ना." दीपा पलीकडे पंगतीत मीठ वाढत होती. तिने ते ऐकलं, मीठ वाढत पुढे गेली. मी नेहमीसारखा मान हलवून बसलो.

वयनीला आता माझं काही पोचणार नाही. पण दीपाच्या देखत, तिच्या बापाला, मी एवढं सांगायचं देणं लागतो: तुझी बहीण खरं बोलत होती, आणि मी ते जाणून गप्प राहिलो. अजून सांगितलेलं नाही.